एक जूनचे एकसष्ट वाढदिवस

"अण्णा, तुमी फकस्त हो म्हणा. माणूस एकवेळ सख्ख्या भावाचा वाढदिवस इसरंल, पर ही मशीन कुणाचा म्हंजे कुणाचाच इसरायची न्हाई."

आमचा योगीराज हे बोलला ते भर मीटिंगमध्ये, अकरा डायरेक्टरांसमोर, उभं राहून! बोलताना त्यानं जे बोट वर केलतं ना, ते महिनाभरानं कुठं लपवावं हे त्याला कळंना. पण ते पुढं. आधी संघाचं ऐका.

साल पंच्याण्णव-शहाण्णव. तेलगावच्या जरा अलीकडं, रस्त्याला लागून, शिवलिंगेश्वर दूध संघ. बारा-पंधरा गावांचं दूध सकाळी कॅनात भरून यायचं, इथं थंड व्हायचं आन् टँकरनं पुढं जायचं. शहाऐंशी माणसं कामाला. सगळा कारभार वहीवर, पेन्सिलीवर आणि ओरडण्यावर. त्यात चेअरमन सुंदररावअण्णांच्या कानावर आलं, की पलीकडच्या तालुक्यातल्या एका कारखान्यानं कॉम्प्युटर घेतला. झालं! पंधरा दिवसांत आमच्याकडं पण आला. टेम्पोतून, गोधड्यांत गुंडाळून! सोबत एसी, कारण विकणारा म्हणला, एसी बसवला न्हाई तर मशीनला ऊन लागंल.

त्या खोलीची काय शान होती राव! चपला दाराबाहेर. मशीनला हिरव्या मखमलीचा झगा, थेट दर्ग्यावरच्या चादरीगत, जरीची किनार लावलेला. अख्ख्या पंचक्रोशीत गार जागा दोनच, एक दुधाची टाकी आन् दुसरी ही खोली. टाकीत बसता येत नाही म्हणून डायरेक्टर लोक दुपारी "जरा कॉम्प्युटर बघून येतो" म्हणत यायचे आणि खुर्चीत मान टाकून घोरायचे. आठ महिन्यांत त्या मशीननं संघासाठी एवढंच काम केलतं.

आणि योगीराज त्या मशीनचा ऑपरेटर. अंबाजोगाईला सहा महिन्यांचा कोर्स केलेला, तेवीस वर्षांचा, शर्टाच्या खिशात कायम एक फ्लॉपी, दुसऱ्यांच्या खिशात पेन असतो तशी. नोकरी मात्र एकोणनव्वद दिवसांची. म्हणजे नव्वद दिवस भरले तर माणूस कायम करा म्हणंल, म्हणून एकोणनव्वदाव्या दिवशी घरी पाठवायचं, दोन दिवसांनी नवी ऑर्डर द्यायची. त्याची तिसरी ऑर्डर तीन जूनला संपत होती. मॅनेजर केदारनाथसाहेबांनी आधीच सांगून ठेवलतं, की चौथी निघणार नाही. साहेबांना मशीन आवडायची नाही. ते म्हणायचे, जे काम माझी वही दहा मिनिटांत करते त्याला हे पोरगं आधी अर्धा तास लाईटची वाट बघतं.

आता नोकरी गेली असती तर एकवेळ चाललं असतं. पण शिवांजली! अंबाजोगाईच्या भीमाशंकरअप्पांची पोरगी. अप्पांचं किराण्याचं दुकान, बोलणं तराजूवर मोजून. पोरगा पसंत, घर पसंत, पण त्यांनी सांगितलं, "कायमचा कागद दाखवा, साखरपुड्याची तारीख घ्या. एकोणनव्वद दिवसांच्या माणसाला मी जन्माची पोरगी कशी देऊ?"

तर तो असा काठावर बसलेला, आणि तेवढ्यात अण्णा पुण्याकडची एक मोठी कंपनी बघून आले. त्या काळात सगळेच कुठं ना कुठं जाऊन काहीतरी बघून येत. अण्णांनी बघितलं ते असं, की तिथं कामगाराच्या वाढदिवसाला कॉम्प्युटरमधून शुभेच्छेचा कागद निघतो, साहेबाच्या सहीचा, आणि त्या दिवशी त्याला भरपगारी सुट्टी. अण्णांचे डोळे भरून आलते म्हणे. मीटिंगमध्ये म्हणाले, आता जमाना बदलला, नुसतं दूध थंड करून चालायचं न्हाई, माणसाकडं माणूस म्हणून बघाया पायजे.

तिथंच योगीराज उभा राहिला आणि ते बोटवालं वाक्य बोलला.

केदारनाथसाहेबांनी विचारलं, सुट्ट्या दिल्यावर कामाचं काय? अण्णा हसले. शहाऐंशी माणसं, वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस. चार दिवसांत एखादा माणूस सुट्टीवर जाणार, त्यानं काय संघ बंद पडतो का? हा हिशेब इतका सोपा होता की अकराच्या अकरा डायरेक्टरांनी एकदम माना हलवल्या. ठराव झाला. बीडच्या छापखान्यातून गुलाबी कागद छापून आले, कडेला भोकं असलेले, एकाला एक जोडलेले. मजकूर छापलेला, खाली अण्णांची सही पण जांभळ्या शाईत आधीच छापलेली. मशीननं फक्त नाव आणि तारीख टाकायची. मॅनेजरनं मधे काडी घालू नये म्हणून ठरावात एक ओळ जास्तीची घातली, की हा कागद हीच मंजूर रजा, दुसऱ्या कुणाची सही लागणार नाही. वाढदिवसवाल्याला द्यायला टॉवेल आणले. महिन्याला सात-आठ पडतील म्हणून आठ टॉवेल!

मग अण्णा योगीराजला म्हणाले, "एक तारखेपासून चालू कर. नीट झालं तर दोन तारखेला तुजी कायमची ऑर्डर मी सोता देतो."

योगीराज तसाच तेलगावच्या एसटीडी बूथवर गेला आणि अप्पांच्या दुकानात फोन लावला. एक जूनला सकाळी संघावर या, आमचं ऑफिस कसं चालतं ते डोळ्यांनी बघा, दुसऱ्या दिवशी कागद घेऊन मीच येतो. अप्पा म्हणाले, नऊच्या एसटीनं येतो.

आता इथं काय झालं ते नीट ऐका, कारण ही चूक फक्त आपल्याकडचाच माणूस करू शकतो.

योगीराजनं शहाऐंशीपैकी जे शाळेत गेले होते त्यांचे शाळा सोडल्याचे दाखले मागवले आणि मशीनमध्ये जन्मतारखा भरायला बसला. लाईट दिवसातून चार वेळा जायची, म्हणून घाई. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, एका हातानं दाखला, दुसऱ्या हातानं बटणं. टाक शून्य एक, शून्य सहा. टाक शून्य एक, शून्य सहा. त्याची बोटं इतकी सरावली की त्याला वाटलं, वा, काय स्पीड आलाय आपल्याला! अंबाजोगाईचे सर बघायला पाहिजे होते.

एक जून! आपल्याकडं कुणाचा असतो ना तो? सगळ्यांचाच असतो. बाप पोराला जूनमध्ये शाळेत घेऊन जायचा, गुरुजी विचारायचे जन्म कधीचा, बाप म्हणायचा बाजरी काढायला आलती तवाचा. गुरुजी डोक्यावरून हात पलीकडच्या कानाला लावून बघायचे, पोहोचला की सहा वर्षं पूर्ण, आणि लिहायचे, एक जून. आजूबाजूच्या पंधरा गावांना तेव्हा दोन-तीनच गुरुजी, त्यांनी अख्खी पिढी एकाच दिवशी जन्माला घातली! आणि त्या तारखेला वाढदिवस म्हणतात हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. ती शाळेतली तारीख, फॉर्मवर लिहायची. योगीराजची स्वतःची पण तीच. त्याच्या थोरल्या भावाची पण तीच. म्हणून त्याला काही वेगळं दिसलंच नाही. आपलं नाक आपल्याला दिसतं का?

एकतीस मेच्या दुपारी त्यानं मशीनला विचारलं, उद्या कुणाचा वाढदिवस? आणि प्रिंटरचं बटण दाबलं.

प्रिंटर सुरू झाला. कर्र, कर्र, जात्यात खडा आल्यागत. पहिला गुलाबी कागद बजरंगचा. बजरंग म्हणजे दूध थंड करायचा कॉम्प्रेसर चालवणारा, योगीराजचा जिगरी. योगीराज खूश! दुसरा निघाला शहादेवचा, दुधाची फॅट बघणारा. बरं, दोघं एका दिवशी, असतात. तिसरा निघाला. चौथा. सातवा. योगीराजनं मशीनच्या पाठीत एक धपका मारला. अकरावा निघाला. गुलाबी कागद पागोटं उलगडल्यागत टेबलावरून खाली, खालून दाराकडं. खुर्चीत झोपलेले एक डायरेक्टर पायाला कागद लागला म्हणून जागे झाले, बघितलं, आणि चपला न घालताच गेले.

एकसष्ट! शेवटून तिसरा खुद्द योगीराजचा.

त्यानं दाखल्यांचा गठ्ठा काढला, एकेक ताडून बघितला. मशीनचं काही चुकलं नव्हतं, हेच तर वाईट होतं. मग तो पळाला एसटीडी बूथवर, अण्णांना फोन लावायला. अण्णा होते मांजरसुंब्याला एका लग्नात, मंगल कार्यालयाच्या फोनवर आले, मागं बँडवाला असा सुटलेला की विचारू नका. योगीराज ओरडून सांगतोय, अण्णा कागद लई निघालेत, वाटू नका म्हणून सांगा. अण्णांना ऐकू आलं एवढंच की कुणीतरी कागद वाटू नका म्हणतंय. त्यांना वाटलं केदारनाथसाहेबांनी काडी घातली.

"सांग त्याला," अण्णा गरजले, "सुंदररावाच्या सहीचा कागद येकदा निघाला की माघारी येत नसतो." आणि फोन ठेवला.

योगीराज परत आला तर टेबल मोकळं. शिपाई धोंडीरामला आधीच सांगून ठेवलेलं, की जे छापून निघंल ते वाटून टाकायचं. धोंडीराम आयुष्यात पहिल्यांदा सांगितलेलं काम लगेच करून मोकळा झालता! निम्मे कागद दोनच्या पाळीला हातोहात, निम्मे सायकलवर गावोगाव. एक स्वतःच्या खिशात, कारण तोही एक जूनचाच.

सकाळी सहाला योगीराज संघावर पोहोचला. फाटकाबाहेर टेम्पो, जीपा, बैलगाड्या, सहा हजार लिटर दूध ओळीत उभं. आत कामाला माणसं पंचवीस. ती कोण म्हणाल, तर केदारनाथसाहेब, ते अंबाजोगाईच्या दवाखान्यात जन्मलेले, तारीख पक्की चौदा सप्टेंबर. दोन कारकून. आणि बाकीच्या बहुतेक झाडलोट करणाऱ्या आन् कॅन धुणाऱ्या बाया, ज्या शाळेत गेल्याच नव्हत्या, म्हणून त्यांना जन्मतारीखच नव्हती. शिकल्यामुळं सुट्टी मिळते हे त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा कळलं!

कॉम्प्रेसर बंद. तो चालवायचा म्हणजे अमोनियाचा गॅस, दहा व्हॉल्व, बजरंगशिवाय हात लावायची कुणाची छाती नाही. जूनचं ऊन, पाऊस अजून कुठंच नाही, आठ वाजताच पत्रे तापायला लागलेले. साहेबांनी स्वतः लॅक्टोमीटर घेऊन पहिल्या कॅनात घातला आणि योगीराजकडं न बघता म्हणाले, "धापर्यंत थंड झालं न्हाई तर नासलं. मंग मी ठरावाला काय थंड करू?"

बाया कॅन उतरवायला लागल्या. कारकून कॅन उतरवायला लागले. चाळीस लिटरचा कॅन, कारकुनांचा जन्म वहीत गेलेला, एक कॅन दोघांत उचलताना ते असे वाकले की गणपती विसर्जनाला निघाल्यासारखे वाटत होते. योगीराजनं साहेबांची लुना मागितली. साहेबांनी किल्ली दिली, आणि त्यातच सगळं बोलून झालं.

बजरंगचं गाव सात किलोमीटर. वाटेत प्रत्येक गावात तेच! दारात रांगोळ्या. हलवायाकडं पेढे संपलेले. शहादेव अंगणात पाटावर, बायको तबक घेऊन समोर, तो लाजून लालेलाल. तीस-पस्तीस वर्षांची बाप्यामाणसं, जन्मात कुणी वाढदिवस केलेला नाही, आणि आज चेअरमनच्या सहीचा गुलाबी कागद देव्हाऱ्यात ठेवून, कपाळाला कुंकू लावून बसलेली. एकीकडं दूध नासतंय, आणि एकीकडं ही एवढी खुशी त्याच्याच प्रिंटरमधून निघालेली!

बजरंग पाटावरच होता. नवा शर्ट, टोपी, गळ्यात झेंडूचा हार, आणि त्याची म्हातारी आई जानकीबाई पाच वाती पेटवून ओवाळतेय. घरात शिरा भाजल्याचा वास.

योगीराज म्हणाला, "बजरंग, चल बे. दूध उभंय."

"आज न्हाई." बजरंग हललासुद्धा नाही, वाती विझतील म्हणून. "आज माजी रजा हाय. तूच छापलीस."

"अरे माजी नोकरी जाईल."

"तुजी पण रजाच हाय की. तू कावून गेलतास कामावर?"

योगीराज उंबऱ्यावर बसला. डोक्याला हात. मग त्यानं कोर्सात शिकवलेलं नव्हतं असं एक काम केलं. त्यानं जानकीबाईंना विचारलं, "मावशी, बजरंग खरंच आजच्या दिवशी झालता का?"

जानकीबाईंनी तबक खाली ठेवलं. "आजच्या? ह्या उन्हात? न्हाई रं लेकरा. ह्यो झाला हुरड्याच्या दिसात. थंडी अशी की चुलीपुढून उठू वाटत न्हवतं. सोमवार व्हता. त्याच सकाळी आमची चंद्री म्हैस येली. दाई म्हणली, जानके, तुला ल्योक आन् म्हशीला रेडी, तुजं घर भरलं. पयला खरवस ह्याच्या बापानं समद्या आळीला वाटला." मग तिनं बजरंगकडं बघितलं. "मला वाटलं, शिकल्याली मशीन सांगतीय तर आसंल आजच. मी कुठं शाळंत गेलते."

बजरंगला पण हे माहीत नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं ना कुणी.

"दूध नासाया लागलंय का?" जानकीबाईंनी विचारलं.

योगीराजनं मान हलवली.

"मंग ऊठ की रं." म्हातारीनं बजरंगच्या पाठीवर थाप मारली. "दुधावर वाढलेलं लेकरू, आन् दूध नासत आसताना पाटावर बसतंय. तुजा वाढदिस मी सांगीन तवा कर."

आणि नुसतं एवढंच नाही! म्हातारी पदर खोचून शेजारच्या घरात गेली. तिथून पुढच्या. प्रत्येक घरात तीच गोष्ट, आईला खरा दिवस पाठ, पोराला पत्ता नाही. योगीराज बजरंगला लुनावर मागं घालून निघाला तेव्हा मागं आख्ख्या आळीत आया पोरांना पाटावरून उठवत होत्या. एका गावातून दुसऱ्या गावात हे कसं गेलं देव जाणे, तेव्हा मोबाईल नव्हते, पण आया होत्या!

नऊ वाजता बजरंगनं कॉम्प्रेसर सुरू केला. सव्वानऊला फाटकातून सायकली यायला लागल्या. आणि काय सांगू तुम्हाला ते दृश्य! नवीन कपडे, गळ्यात हार, कपाळाला कुंकू आणि अक्षता, केसांत फुलं, असे चाळीस-पन्नास जण कॅन खांद्यावर घेऊन पळतायत. वऱ्हाड लुटायला आल्यागत! धोंडीराम तर आहेराचा फेटा बांधूनच आलता. दहाच्या आत सगळं दूध टाकीत. आठ-दहा कॅन तेवढे नासले, ते साहेबांनी एका बाजूला उभे करून ठेवले, योगीराजला दिसतील असे.

आणि नऊच्या एसटीनं उतरलेले भीमाशंकरअप्पा हे सगळं फाटकापाशी उभं राहून बघत होते. हातात पिशवी, डोक्यावर पांढरी टोपी. योगीराज दुधानं भिजलेला, शर्टाचं एक बटण तुटलेलं, खिशातली फ्लॉपी ओली. त्यानं अप्पांकडं बघितलं आणि त्याला वाटलं, संपलं.

अप्पांनी केदारनाथसाहेबांना विचारलं, "आज काय पूजा हाय का?"

साहेबांनी योगीराजकडं एकदा बघितलं. तेवढ्या वेळात योगीराजनं मनातल्या मनात गाठोडं बांधून गावाकडची एसटी पण धरली. साहेब म्हणाले, "न्हाई. आमची माणसं रजेच्या दिवशी असंच कामाला येतात."

अप्पांनी पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली, आणि तराजू हलला. तो हललेला योगीराजला स्पष्ट दिसला.

बाराला अण्णा आले, लग्नातला मुक्काम आटपून. हार घातलेली माणसं बघून त्यांना वाटलं हे आपल्याच स्वागताला उभे! जीपवर उभं राहून त्यांनी माणसाकडं माणूस म्हणून बघण्यावर भाषण सुरू केलं. चांगलं दहा मिनिटं झालं. मग साहेबांनी खाली उतरवून, बाजूला नेऊन, सगळं सांगितलं. अण्णा आत आले, एसीच्या खोलीत, चपला काढून. योगीराज मशीनपाशी उभा.

"म्हंजे आपली येकसष्ट माणसं येकाच दिवशी जल्मली?"

"न्हाई अण्णा. गुरुजींनी लिवली. खरी तारीख फकस्त त्यांच्या आयांना ठाव हाय."

अण्णांनी मशीनचा मखमली झगा जरा सरळ केला. मग म्हणाले, "माजी पण येक जूनच हाय." आणि जरा थांबून, "आई हाय तवर इचारलं न्हाई मी."

योगीराजला वाटलं आता ओरडतील. अण्णा ओरडलेच नाहीत. त्यांनी सांगितलं, प्रत्येकाची आई असंल तर तिला इथं बोलव, खरा दिवस लिहून घे, ज्याचा जेव्हा त्याला तेव्हा सुट्टी. ज्याची आई राहिली नसंल त्याची चुलती, आत्या, कुणी पण आण. माझं सांगणारं कुणी न्हाई, माझं एक जूनच राहू दे.

आणि मग तो जून! असा महिना संघानं परत बघितला नाही. रोज दुपारी डायरेक्टरांच्या जागेवर आया बसायला लागल्या. दाराबाहेर चपलांचा ढीग, आत नऊवारी लुगडी, एसीनं कुडकुडणाऱ्या म्हाताऱ्या पदर लपेटून बसलेल्या. कुणी सांगायचं नागपंचमीच्या आदल्या दिवशी, झोका बांधताना कळ आली. कुणी सांगायचं बहात्तरच्या दुष्काळात, रोजगाराच्या कामावर, खडी फोडताना, मुकादमानं माझी पाटी उतरवली आन् दुसऱ्या बाईच्या डोक्यावर दिली. कुणी पोराच्या जन्माचं सांगता सांगता नवऱ्याच्या मरणापर्यंत जायची, आणि योगीराजला पाणी आणायला उठावं लागायचं. मशीनला पाहिजे होते सहा आकडे. आयांकडं आख्खी गोष्ट! हुरडा, सोमवार, म्हैस येली, हे टाकायचं कुठं? दिवसाच्या जागी? महिन्याच्या? त्यानं तीन-चार वेळा प्रयत्न केला, मशीन नुसती पीं करायची. शेवटी त्यानं दुकानातून दोनशे पानांची वही आणली आणि हातानं लिहायला लागला.

केदारनाथसाहेब दारात येऊन बघायचे. वही बघून त्यांचा चेहरा पहिल्यांदा मऊ झालेला दिसला. एक दिवस स्वतःचा शाईपेन आणून दिला त्यांनी.

कायमची ऑर्डर? मिळाली की! दोन तारखेला नाही, तेरा तारखेला, पण मिळाली. फक्त हातानं लिहिलेली मिळाली, साहेबांच्या अक्षरात, कारण एकसष्ट कागद छापून प्रिंटरची रिबन संपली होती आणि नवी बीडमध्ये मिळंना. संघातल्या पहिल्या कॉम्प्युटर ऑपरेटरची ऑर्डर शाईपेननं! योगीराजनं ती चार वेळा वाचली आणि तसाच अंबाजोगाईला गेला.

अप्पांनी कागद उलटा-सुलटा करून बघितला, उजेडात धरला, चष्मा पुसला. मग म्हणाले, "ठीक हाय. आता तारीख काढू. तुमची खरी जन्मतारीख तेवढी सांगा, पत्रिका मांडायला आमच्या पुरोहिताला, जंगमाला दाखवायची. शाळेतली नको. तुम्ही सगळ्यांच्या खऱ्या लिहून घेतल्या म्हणं."

आणि योगीराज गार! दुसऱ्यांच्या आया विचारता विचारता स्वतःची राहिली होती!

तो गावाकडं पळाला. आई जगदेवीबाई चुलीपुढं. वही मांडीवर, साहेबांचा पेन हातात, समोर बसला. आई खुलली. थोरल्याचं म्हणाली, पोळ्याचा दुसरा दिवस, बैलांच्या शिंगांचा रंग अजून ओला होता. बहिणीचं, रुद्राणीचं म्हणाली, गावात पहिल्यांदा लाईट आली त्या संध्याकाळी, खांबावर दिवा लागला आणि आत ती रडली. धाकट्याचं म्हणाली, नदीला पूर, दाई तराफ्यावरून आणली.

"आन् माजं, आई?"

जगदेवीबाईंनी भाकरी उलटली. विचार केला. परत उलटली.

"तुजं बग बाबा, लई सोपं झालं. दुपारी झालास, सांजंला मी उठून भाकरी थापल्या. ध्यानात ऱ्हावं असं कायी घडलंच न्हाई."

"थंडी व्हती का ऊन व्हतं, एवढं तरी?"

"काय की. तरास दिला न्हाईस तू, एवढं ठाव हाय."

योगीराजनं वही मिटली. लग्न झालं, कारण अप्पांच्या जंगमानं सांगितलं, ज्याची तारीख माहीत नाही त्याला वाईट ग्रह पण सापडत नाहीत.

आता शिवांजलीवहिनी दर एक जूनला शिरा करते, पाट मांडते, पाच वाती लावते. आणि हा दर वर्षी पाटावर बसता बसता म्हणतो, अगं हा माजा वाढदिवस न्हाई. ती तबक धरून उभी राहते, वाती भडकायच्या थांबेपर्यंत वाट बघते आणि म्हणते, "बरं. मंग कवा हाय ते सांगा."